दुसरं बाळ येतंय: मावशींचा पगार किती वाढवायचा, कसा ठरवायचा

दुसरं बाळ येणार असं कळलं की घरात याद्या सुरू होतात. माळ्यावरचा पाळणा उतरवायचा, जुनी दुपटी धुऊन ठेवायची, मोठ्याला शाळेत कोण सोडणार ते ठरवायचं, रजेचा अर्ज कधी द्यायचा ते बघायचं. घरी मूल सांभाळायला मावशी असतील तर त्यांचा पगार हा विषयही या यादीत हवा. बहुतेक घरांत तो बाळ आल्यावर, कोणीतरी वैतागल्यावरच निघतो. तोवर मावशींनी दोन महिने जादा धावपळ केलेली असते आणि आपण 'पुढच्या महिन्यापासून बघू' म्हणत राहिलेलो असतो.

पुण्या-मुंबईसारख्या शहरात दिवसभर घरी येऊन मूल सांभाळणाऱ्या मावशी किंवा ताई ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इथले आकडे उदाहरणादाखल घेतलेत. तुमच्या भागातला दर वेगळा असेल, पण हिशेबाची रीत तीच राहील. मुलं किती यावर पगार ठरवू नये. तास किती, त्या तासांत भार किती आणि जबाबदारी कसली यावर ठरवावा, असं माझं ठाम मत आहे. 'एकाचे इतके, मग दोघांचे दुप्पट' हा हिशेब बरोबर नाही. आणि 'तशाही दिवसभर घरीच असतात, त्यात एक बाळ काय जड' हा तर सरळ अन्याय आहे.

बोलणं सातव्या महिन्याच्या आत

मावशींना बातमी बरेचदा नातेवाइकांच्या आधी कळलेली असते. सकाळच्या ओकाऱ्या, न पिता ठेवलेला चहा, फ्रिजवर लावलेली सोनोग्राफीची तारीख, हे सगळं त्या बघत असतात. त्या दिवसापासून त्यांच्याही मनात प्रश्न सुरू होतात. या मला ठेवणार का? यांच्या सासूबाई येऊन राहणार का? काम वाढलं तर पैसे वाढणार का? त्या स्वतःहून विचारणार नाहीत. आपण डोहाळजेवणाच्या सुमारापर्यंत बोललो नाही, तर त्या आपल्या सोयीने दुसरीकडे शब्द देऊन टाकतील आणि ते रास्तच असेल.

पहिल्या बोलण्यात आकडा काढू नका. 'मावशी, आम्हाला तुम्हीच हव्या आहात. पण बाळ आलं की काम वाढणार. तुम्हाला झेपेल का, मनातून करायचंय का, ते आधी सांगा. आठवडाभर विचार करा. पगाराचं आपण नीट बसून बोलू.' इतकंच पुरे. तान्हं बाळ सांभाळायची हौस प्रत्येकीला नसते. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला रात्री स्वतःच्या नातवंडाला बघायचं असतं. 'नको' म्हणायची मोकळीक दिली तरच त्यांच्या 'हो'ला वजन येतं.

एक आठवडा घड्याळ लावून नोंद

पगारावर बोलण्याआधी आताचं काम कागदावर हवं. मावशी काय काय करतात हे आपल्याला माहीत आहे असं वाटतं, पण आपण ऑफिसात असतो. त्यांनाच विचारून, त्यांच्यासमोर, एका आठवड्याची नोंद करा. कामावर पाळत ठेवतोय असं वाटू नये म्हणून कारणही सांगा: 'बाळ आल्यावर काय वाढेल ते कळायला हवं, म्हणून लिहितोय.'

येण्याची आणि जाण्याची खरी वेळ लिहा. ठरलेली साडेसहा आणि रोज होणारी सात यांतला अर्धा तास महिन्याला १३ तास होतो. मोठ्याची शाळा, झोप, जेवण, खाली खेळायला नेणं या वेळा लिहा. मूल सांभाळण्याच्या नावाखाली होणारी बाकीची कामंही लिहा: कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं, कुकर लावणं, कुरिअर घेणं, आजोबांना दुपारची गोळी देणं. ही यादी बहुतेक अपेक्षेपेक्षा लांब निघते.

मग त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने बाळाचा दिवस मांडा. लंगोट बदलणं, बाळाचे कपडे वेगळे धुणं, काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजणं, भांडी उकळणं, ढेकर काढणं, झोपवणं. सहा महिन्यांनंतर मऊ भात, नाचणीचं सत्त्व, उकडून कुस्करलेलं गाजर. मालिश आणि अंघोळीला वेगळी बाई येणार असेल तर ते काम यात धरू नका. मावशींकडूनच करून घेणार असाल तर ते वेगळं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे आहेत. मालिशवाल्या बाई तेवढ्या एका तासाचे किती घेतात, ते विचारलंत की कळेल.

या कागदावर एक वेळ ठळक करून ठेवा, कारण दोन मुलांच्या कामाचं खरं रूप तिथे दिसतं: मोठ्याची स्कूल व्हॅन येण्याची वेळ. दुपारचे साडेबारा. बाळ नुकतं डोळा लागून झोपलेलं. त्याला एकटं ठेवून खाली जाता येत नाही, म्हणून झोपेतून उचलून खांद्यावर घ्यायचं, डोक्याला टोपरं, कुलूप, लिफ्ट. व्हॅन दहा मिनिटं उशिरा. गेटवर ऊन. मोठा उतरतो तो दमलेला आणि चिडलेला. दप्तर, पाण्याची बाटली आणि हस्तकलेचा ओला कागद मावशींच्या हातात देतो आणि 'मलापण उचल' म्हणून साडीला लोंबकळतो. वर येईपर्यंत बाळ पूर्ण जागं, भुकेलं. आता आधी कोणाला घ्यायचं? ही २० मिनिटं दर महिन्याला २०-२२ वेळा येतात. पगार ठरवताना डोळ्यांसमोर हे चित्र असावं, पाळण्यात शांत झोपलेल्या बाळाचं नाही.

थकलेली वाढ आधी चुकती करा

ही पायरी सर्रास गाळली जाते. मावशींचा पगार वर्ष-दीड वर्षात वाढलेला नसेल तर दर वर्षीची वाढ आणि बाळापोटीची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकत्र करून 'बघा, एकदम तीन हजार वाढवले' म्हणणं म्हणजे महागाईची भरपाई बाळाच्या नावावर खपवणं. बाळ आलं नसतं तरी जी वाढ द्यायची होती ती आधी द्या, शक्यतो दोन-तीन महिने अगोदर. म्हणजे दुसऱ्या वेळचा आकडा फक्त वाढलेल्या कामाचा राहतो आणि तो दोघांनाही तपासता येतो.

दराची चौकशी

चौकशी करा, पण नुसता आकडा विचारू नका. 'अमुक ठिकाणी २० हजार देतात' याला काही अर्थ नाही. किती तास, आठवड्याला सुट्टी आहे का, मुलं किती वयाची, स्वयंपाक त्यात आहे का, बाई ब्युरोतून आलेली आहे का, हे कळल्याशिवाय तुलना होत नाही. ब्युरोच्या दरात कमिशन असतं, आणि ते बाईच्या हातात पडत नाही. १२ तासांची बाई आणि २४ तासांची बाई यांचे दरही एकमेकांना लावता येत नाहीत.

तळाची एक रेघ मात्र आखून घ्या. दुकानं आणि आस्थापनांतल्या कामगारांसाठी राज्य सरकार किमान वेतन ठरवतं आणि त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. हे वेतन आठ तासांच्या दिवसाचं असतं. तो आकडा काढा, आपल्या घरच्या तासांना लावून बघा. तान्हं मूल ज्यांच्या हाती देतो त्यांचा दर त्याच्या खाली असेल, तर बाकी हिशेब करण्याआधी तो दुरुस्त करायला हवा.

सोसायटीच्या ग्रुपवर कधीकधी 'कोणीही इतक्याच्या वर देऊ नका, रेट बिघडतात' असे निरोप फिरतात. त्यात सामील होऊ नका. चांगलं काम करणाऱ्या बाईला चार पैसे जास्त मिळाले तर काहीही बिघडत नाही.

हिशेब

समजा मावशी सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा येतात. रविवार सुट्टी. म्हणजे दिवसाला १० तास, महिन्याला २६ दिवस, २६० तास. पगार १८,०००, वर्षभर तसाच. आधी वार्षिक वाढ १,५०० दिली, पगार झाला १९,५००. २६० ने भागलं की तासाचा दर ७५ रुपये. (वाचूनच कळतं की ही काही फार मोठी रक्कम नाही. मासिक आकड्यात ते लपून राहतं, म्हणून तासाचा दर काढायचा.)

आता दिवसाचे दोन भाग करा. मोठा साडेतीन तास शाळेत असतो. तेव्हा मावशींकडे फक्त बाळ. उरलेले साडेसहा तास दोघं घरात.

दोघं असतानाच्या तासांना दरावर २५ टक्के जादा धरू. ७५ चे २५ टक्के म्हणजे १८.७५. साडेसहा तास गुणिले २६ दिवस, १६९ तास. त्याचे झाले साधारण ३,१७०.

शाळेच्या साडेतीन तासांत पूर्वी मावशींना थोडी उसंत होती. जेवण निवांत व्हायचं, पाठ टेकता यायची. आता तिथे तान्हं बाळ आहे. त्या तासांना १० टक्के जादा: ७.५० गुणिले ९१ तास, साधारण ६८०.

एकूण ३,८५०. नवा पगार २३,३५०. हा ठोक आकड्यात आणताना वरच्या बाजूला न्या: २३,५००. म्हणजे बाळापोटीची वाढ २० टक्क्यांच्या आसपास आली, आणि वार्षिक वाढ धरून एकूण पगार ५,५०० ने वाढला.

२५ टक्के कुठून आणले, असा प्रश्न येईल. हा माझा अंदाज आहे, आणि तो मुलांच्या वयांवर हलतो. मोठं मूल तीन वर्षांच्या आतलं असेल, अजून शू-शी सांगत नसेल, तर त्या तासांना ३५ टक्के धरा. वरच्या उदाहरणात साधारण ४,४३५ होतील. मोठी मुलगी सात-आठ वर्षांची, स्वतःची स्वतः जेवणारी, दुपारी तीनपर्यंत शाळेत असेल तर १५ टक्के चालतील. दुपारी दोघं एकदम झोपतील असं गृहीत धरून तास वजा करू नका. पहिलं वर्षभर तरी तसं होत नाही. जुळी झाली असतील तर हा हिशेब अजिबात लावू नका. दोन तान्ही आणि वर एक मोठं हे एका बाईचं काम नाही, तिथे दुसरी मदत घ्यावी लागते.

नव्या पगारावरून जादा तासांचा दरही आत्ताच ठरवून टाका. २३,५०० ला २६० ने भागलं की ९० रुपये होतात. साडेसहानंतर थांबावं लागलं तर दीडपट, म्हणजे तासाला १३५. ऑफिसातून निघायला उशीर झाला की फोनवर 'मावशी, जरा थांबाल का' असं आपण म्हणतो, तेव्हा त्या नाही म्हणू शकत नाहीत. म्हणून याचे पैसे न मागता मिळायला हवेत. रात्री राहायची वेळ आली तर त्याची रक्कम ठोक आणि वेगळी.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर

आपल्याकडे हा पेच हमखास येतो. आई मोठ्या मुलाला घेऊन दोन-तीन महिने माहेरी जाते, आणि मावशींना सांगितलं जातं, 'आम्ही आलो की या.' त्या दोन-तीन महिन्यांत त्यांच्या घरभाड्याचं काय, मुलीच्या फीचं काय, याचा विचार होत नाही. मग परत आल्यावर त्या दुसरीकडे लागलेल्या असतात आणि आपण म्हणतो, 'इतकं केलं तरी सोडून गेल्या.'

त्यांनी आपल्यासाठी जागा मोकळी ठेवावी असं वाटत असेल तर त्या महिन्यांचा पूर्ण पगार द्यावा. त्यांना तेवढ्या काळापुरतं दुसरं काम मिळत असेल आणि त्यांनाही ते चालत असेल, तर निम्मा पगार आणि परत येण्याची पक्की तारीख, असं ठरू शकतं. वरच्या उदाहरणात निम्मे म्हणजे ९,७५०. हेही झेपणार नसेल तर साफ सांगा, त्यांना मोकळं करा, महिनाभर आधी सांगा आणि आपल्या ओळखीत काम बघून द्या. पण शब्दात अडकवून बिनपगारी ठेवू नका.

आई घरी असतानाचे महिने

२०१७ पासून कायद्यानुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, म्हणजे दुसऱ्या वेळीही तेवढीच. त्यामुळे बऱ्याच घरांत असं ठरतं की 'आई घरीच आहे, वाढ रजा संपल्यावर देऊ.' मला हे पटत नाही. बाळंतीण घरात असते तेव्हा काम कमी होत नाही, त्याची तऱ्हा बदलते. मोठं मूल आईला चिकटायला बघतं आणि त्याला सावरणं दिवसभर मावशींकडे येतं. बाळंतिणीचं गरम पाणी, डिंकाचा लाडू, बघायला येणाऱ्यांचा चहा हेही हळूहळू त्यांच्याकडेच सरकतं. वाढ बाळ घरी आलेल्या दिवसापासून लागू करा. महिन्याच्या मधे आलं तर त्या महिन्याचे दिवस मोजून.

फार तर दोन टप्पे करता येतील: बाळ घरी आल्यापासून वाढीचा निम्मा भाग, आणि आई कामावर रुजू झाल्यापासून पूर्ण. त्याला अट एकच. पहिल्या टप्प्यात बाळाचं काम खरोखर आईच्या किंवा आजीच्या हातात असायला हवं. उलटा टप्पा मात्र नको. बाळ तीन वर्षांचं होऊन शाळेत जायला लागलं म्हणून पगार खाली आणू नये. एकदा वाढलेल्या पगारावर माणसाचं घर उभं राहतं. काम खरंच कमी झालं तर तास कमी करण्याविषयी बोला, तासाचा दर तोच ठेवा.

कामाची हद्द

बाळ आल्यावर घरात माणसं वाढतात, भांडी वाढतात, कपडे वाढतात. ते सगळं 'जरा बघा ना' म्हणत मावशींवर येतं. दोन मुलं सांभाळणाऱ्या बाईने झाडू-पोछा, सगळ्यांचा स्वयंपाक किंवा आजारी आजोबांची देखभाल करू नये, असं मी सांगेन. पैसे देऊनही नाही. लादी पुसताना बाळाकडे लक्ष राहत नाही, आणि चुलीवर फोडणी असताना रांगतं मूल पायात असणं धोक्याचं आहे. मुलांचं खाणं, मुलांचे कपडे, मुलांची भांडी आणि मुलांची खोली एवढंच त्यांचं. बाकीच्याला दुसरी बाई किंवा आपले हात.

बारशाला दिलेली साडी, जुने कपडे, डब्यातून दिलेला गोडाचा घास हे प्रेमाचं आहे, ते जरूर द्यावं. पगाराच्या हिशेबात ते धरू नये.

रजा हा पगाराचाच भाग

आठवड्याची एक सुट्टी, वर्षाला १५-२० दिवसांची भरपगारी रजा आणि आजारपणाची रजा वेगळी. यातल्या शेवटच्या गोष्टीवर मी अडून बसेन. रजेचे पैसे कापले जात असतील तर मावशी ताप अंगावर काढून, खोकला दाबून कामावर येतील. घरात महिन्याभराचं बाळ आहे. 'बरं नसेल तर येऊ नका, पैसे कापणार नाही' हे वाक्य बाळाच्या तब्येतीसाठीही तेवढंच गरजेचं आहे. पुण्यातल्या घरकामगार बायकांनी १९८० साली संप केला होता, आणि आजारपणात रजा घेतल्यावरून एकीचं काम गेलं हेच त्याचं निमित्त होतं. इतकी वर्षं झाली, तरी कितीतरी घरांत आजही खाडे मोजून पैसे कापले जातात.

मावशी न आलेल्या दिवशी मुलांकडे कोण बघणार, हे आपण आधी ठरवून ठेवायचं. ती सोय करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकायची नाही.

दिवाळीचा बोनस एक पगार देण्याची रीत आहे. बाळ सप्टेंबरात आलं आणि पगार तेव्हा वाढला, तर बोनस नव्या पगाराचा.

'तुम्ही द्याल ते, ताई'

आता प्रत्यक्ष बोलणं. आठवड्याची नोंद आणि हिशेबाचा कागद समोर ठेवा. बसून बोला, त्यांनाही बसवा. दाराशी चपला घालताना हा विषय काढू नका. शक्य असेल तर घरातल्या दोघांनी बसावं. पगाराचं बोलणं फक्त बाईमाणसांनी करायचं असं काही नाही.

मावशी बहुतेक म्हणतील, 'तुम्ही द्याल ते, ताई. मी कधी काही बोलले का?' याला होकार समजू नका. वर्षानुवर्षं मागितल्यावर मिळालेली उत्तरं त्यामागे असतात. मागितलं तर काम जाईल ही भीती असते. अशा वेळी आपण आकडा सांगायचा, तो कसा आला ते सांगायचं आणि मग विचारायचं: 'यात काय राहिलंय? कोणतं काम मी धरलेलं नाही?' आकड्यावर बोलायला माणूस संकोचतो, कामावर बोलायला संकोचत नाही. 'बाळाला घेऊन व्हॅनला उतरायला मला नाही जमायचं, लिफ्ट बंद असते मधूनमधून' असं काहीतरी तिथे निघेल, आणि तेच ऐकायला हवं असतं. त्यावर उपाय निघू शकतो: व्हॅनवाल्या काकांनी मोठ्याला वर आणून सोडायचं, किंवा शेजारच्यांच्या मुलाबरोबर तो येईल.

त्यांनी आपल्या आकड्यापेक्षा जास्त सांगितलं तर तोंड वाकडं करू नका. 'कसं धरलंत ते सांगा' म्हणा. कधी त्या बरोबर असतात. बस बदलावी लागते, रिक्षाला पैसे जातात, घरी स्वतःच्या मुलासाठी कोणाला तरी ठेवावं लागतं. दोन दिवस घ्या, पण ठरल्या दिवशी उत्तर द्या.

उचल घेतलेली असेल तर तिचा आणि वाढीचा संबंध जोडू नका. 'वाढ उचलीत वळती करतो' म्हटलं की वाढ हातात पडतच नाही. उचलीचा हप्ता आधी होता तोच पुढे चालू ठेवा.

परवडत नसेल तर

हा प्रश्न खरा आहे. दवाखान्याचं बिल, मोठ्याची फी, घराचा हप्ता, त्यात रजेनंतर पगाराचा भरवसा नाही. तरीही कात्री कामाला लावायची, दराला नाही. सासूबाई सकाळी दोन तास बघणार असतील तर मावशींना साडेदहाला बोलवा. मोठ्याला शाळेनंतर तीन-चार तास पाळणाघरात ठेवता येत असेल तर दोघं एकत्र असण्याचे तास घटतात आणि हिशेब त्याप्रमाणे बदलतो. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे; आपल्या कंपनीत ती आहे का, की कागदावरच आहे, हे दोघांनीही आपापल्या ऑफिसात विचारावं.

आणखी एक. मावशींचा पगार फक्त आईच्या पगाराशी ताडून 'मग नोकरी करून उरतं काय' असा हिशेब बऱ्याच घरांत होतो. मुलं दोघांची, म्हणून हा खर्चही दोघांच्या मिळकतीतून वजा करायचा.

पैसे वाचवायला गावाकडून एखादी लहान मुलगी आणून बाळाजवळ बसवायची, असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा. १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे, आणि १५-१६ वर्षांची असली तरी ती स्वतःच शाळेत असायला हवी.

कागद आणि खातं

ठरलेलं मराठीत, एका पानावर, साध्या शब्दांत लिहा. कामाच्या वेळा, कामं, पगार, वाढ कधीपासून, जादा तासांचा दर, सुट्ट्या, बोनस, पगाराची तारीख, पुढची वार्षिक वाढ कोणत्या महिन्यात, आणि काम सोडायचं किंवा थांबवायचं झालं तर दोन्हीकडून एक महिन्याची सूचना. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि त्यांच्या घरच्या कोणाला तरी दाखवायला सांगा. दोन प्रती, एक त्यांच्याकडे. पगार त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा करा, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नाही. रोख हवा असेल तर वहीत नोंद आणि दोघांच्या सह्या.

याच बैठकीत विम्याचंही उरकून घ्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे, दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, वय १८ ते ७०. जीवनज्योती विम्याचा हप्ता ४३६, त्यातही दोन लाख, नाव नोंदवायला वय १८ ते ५०. दोन्ही त्यांच्या खात्यातूनच होतात. वर्षाचे ४५६ रुपये आपण भरावेत. श्रमयोगी मानधन ही पेन्शन योजना महिन्याला १५ हजारांपर्यंत मिळकत असणाऱ्या, ४० वर्षांपर्यंतच्या कामगारांसाठी आहे. अर्धा दिवस येणाऱ्या मावशींना ती लागू होऊ शकते. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद झालेली आहे. तिथल्या नोंदणीसाठी मालकाकडून कामाचा दाखला लागला तर टाळाटाळ न करता लिहून द्या. त्याने आपल्यावर कसलंही बालंट येत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा बसा

कागदावर मांडलेला दिवस आणि प्रत्यक्षातला दिवस यांत फरक पडणारच. बाळ पोटशूळाने संध्याकाळभर रडतं, मोठा शाळेत जायला नकार देतो, आई कामावर रुजू झाल्यावर घरी यायला सात वाजतात. तीन महिन्यांनी तोच कागद काढा आणि पुन्हा वेळा लिहा. रोज सात वाजत असतील तर तो जादा तास राहिलेला नाही, ती कामाची वेळ झाली. पगार साडेदहा तासांचा करा. २६ दिवसांचे १३ तास, ९० च्या दराने महिन्याला १,१७० रुपये. बाळ रांगायला लागलं की एकदा, आणि मोठ्याच्या शाळेची वेळ बदलली की एकदा, असंच बसायचं. दरवेळी पहिला प्रश्न मावशींना विचारायचा: या तीन महिन्यांत कोणतं काम वाढलं?